मुलीला पीएचडीला घालू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, सगळीकडे हाच प्रश्न असतो: "मॅडम, मुलगी एम.एस्सी. झाली. पीएचडीला घालू का?" मी जीवरसायनशास्त्र शिकवते, लॅब चालवते, म्हणजे मला उत्तर ठाऊक असणार असं धरूनच चालतात.

तिला आवड आहे का, हे मी विचारत नाही. नसती तर तुम्ही माझ्यापर्यंत आलाच नसतात. मी विचारते, घरून सहा महिने पैसे पाठवता येतील का?

"अहो, पण फेलोशिप असते ना?" असते की. जेआरएफला, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोला, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, वर घरभाडं. फक्त दर महिन्याला येईलच असं नाही. माझ्या एका विद्यार्थिनीची पाच महिने आली नव्हती. मेसवाल्या काकूंनी उधारीवर जेवू घातलं. मग सगळी रक्कम एकदम आली, तेव्हा तिने आधी काकूंना साडी घेतली.

प्रोजेक्टची हीच तऱ्हा. ग्रँट तीन वर्षांची मंजूर होते, दुसरा हप्ता उतरतो फेब्रुवारीत आणि ३१ मार्चच्या आत खर्च करा, नाहीतर परत. हवं ते एन्झाइम परदेशातून यायला दोन महिने लागतात. वेळेत येतं ते काचसामान. माझ्या कपाटात इतके बीकर साठलेत, की पोरं म्हणतात, आता आहेरात देऊ या.

त्यात जुलै २०२२ मध्ये संशोधन संस्थांची जीएसटीतली सवलत गेली. उपकरणांवर ५ टक्के होता तो कर १८ वर गेला, ग्रँट मात्र तेवढीच राहिली. सरकारने द्यायचे आणि सरकारनेच कापून घ्यायचे!

देशाचा संशोधनावरचा खर्च २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या ०.६४ टक्के होता. २००८ च्या सुमारास तो ०.८ च्या आसपास होता. ऑगस्ट २०१७ मध्ये देशभरातल्या शास्त्रज्ञांनी मोर्चे काढून ३ टक्के मागितले. मीही चालले होते, नेमक्या नव्या चपला घालून. पुढे २०२३ मध्ये संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन या संस्थेचा कायदा झाला: पाच वर्षांत ५०,००० कोटी, पैकी ३६,००० कोटी सरकारबाहेरून यायचे. आपल्या उद्योगांनी संशोधनासाठी आजवर हात आखडताच घेतलाय, त्यामुळे माझा काही जीव भांड्यात पडलेला नाही.

परवा लिफ्टमध्ये एका बाबांनी माझ्या प्रश्नाला ताडकन उत्तर दिलं, "सहा महिने काय, वर्षभर पाठवीन."

म्हटलं, सोमवारी पाठवा तिला लॅबमध्ये. जागा आहे. ग्रँटचं पत्र तेवढं यायचंय.