आमची वाटचाल : आबांचे पंधरा लाख

धुळ्यात गल्ली नंबर 5 मधल्या भाड्याच्या खोलीत 2014 साली आम्ही दोघा मित्रांनी शेतमाल विकून देणाऱ्या आडत दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. तोलाई, हमाली वजा करून शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी द्यायची, एवढंच काम. पण नंदुरबारला मिरचीचा हंगाम लागला की एक पट्टी चुकली तरी काउंटरवर गर्दी जमते.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला. ओली मिरची करमुक्त, तीच पथारीवर वाळली की 5 टक्के. एकाच मालाचे दोन हिशेब! त्या महिन्यात आम्ही घरी फक्त आंघोळीला जायचो. गिऱ्हाईक वाढलं ते तेव्हाच.

वाढलं तसं भांडवल कमी पडू लागलं. बँकेने घर तारण मागितलं. घर आईच्या नावावर. तो विषय मी तिथेच संपवला. मग नंदुरबारचे आमचे जुने गिऱ्हाईक, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, पंधरा लाख घालायला तयार झाले. चहा यायच्या आधीच म्हणाले, "मना पैसा कोठे बुडी, ते सांग पहिले."

रात्री बसून वहीत सगळं खरं लिहिलं. कापसाचं जिनिंग बसलं तर मशिनरी तरी विकता येते. आमच्याकडे विकायला चार कॉम्प्युटर. कोड दोघांच्या डोक्यात. शिकवून तयार केलेला मुलगा दोन वर्षांत पुणे गाठतो. निम्मी कमाई एकाच गिऱ्हाइकाकडून, उधारीही त्याच्याचकडे. आणि सॉफ्टवेअर विकल्याचे पैसे एकदाच येतात, दुरुस्तीचे फोन मात्र कायम. आबांचं बोट या शेवटच्या ओळीवर बराच वेळ होतं.

त्यांना कंपनीत 26 टक्के हिस्सा हवा होता. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात, म्हणजे 26 टक्केवाला एकटा तो अडवू शकतो. हे आम्ही त्यांना तोंडावर सांगितलं. ते रागावले नाहीत. 20 वर जमलं, पैसे तीन हप्त्यांत. पहिला कोडची सगळी नोंद लिहून दिल्यावर, दुसरा शंभर दुकानं वार्षिक वर्गणीवर आल्यावर.

दोन हप्ते मिळाले. तिसऱ्यासाठी त्या एका गिऱ्हाइकाचा वाटा तिसऱ्या हिश्श्याखाली यायला हवा. आज तो 38 टक्के आहे. या सोमवारपासून आमच्याकडे कामाला असलेली दोन मुलं दोंडाईचा आणि शहाद्याच्या बाजारात दुकानं फिरताहेत.