पेडल काढून शिकवलेली सायकल

मुलीला सायकल शिकवायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यांचा सल्ला एकच होता. मागून कॅरिअर धरायचं, सोबत पळायचं आणि तिच्या नकळत हात सोडायचा. मला ते पटेना. "धरलंय गं" म्हणत मी हात सोडला आणि ती आपटली, तर पुढच्या वेळी तिनं माझ्यावर विश्वास कशाला ठेवावा?

तिची सायकल बाजूला छोटी चाकं लावलेली. त्यांच्यावर ती मजेत फिरायची, पण तोल काही येईना. सायकल डावीकडे कलली की हँडलही जरासं डावीकडेच वळवावं लागतं, मग चाकं पुन्हा अंगाखाली येतात. बाजूची चाकं सायकलला कलूच देत नाहीत, तर हे हाताला शिकायला मिळणार कुठून?

म्हणून ती चाकं काढली आणि पेडलही काढले. पहिली दुचाकी अशीच होती. जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस यांनी १८१७ साली बनवलेल्या गाडीला पेडल नव्हते, पायांनी जमीन रेटत जायचं. पेडल घरी काढणार असाल तर एक लक्षात ठेवा: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवला तरच तो सुटतो. सीट इतकी खाली घेतली की बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतील. सगळा धीर तिथूनच आला. पाय टेकतायत म्हटल्यावर भीती निम्मी झाली.

आम्ही सोलापूर शहरातल्या 'जुळे सोलापूर' या भागात राहतो. आतल्या गल्लीत एक हलक्या उताराचा डांबरी तुकडा आहे, तोच निवडला. गवतावर चाक रुततं आणि मूल उगाच दमतं. मे महिना, त्यामुळे दिवस उजाडताच बाहेर पडायचं. आठनंतर सोलापूरच्या उन्हात मुलाला उभंसुद्धा करू नये. निघण्याआधी टायरवरून नजर फिरवायची, कारण कडेला बाभळी आहेत आणि काटे कुठून येतील सांगता येत नाही. पायात चप्पल नाही, बूट. डोक्यावर हेल्मेट.

सुरुवातीला ती सायकलवर बसून नुसती चालली. मग ढांगा लांबल्या. मी फक्त शेजारून चालत होते, हात लावत नव्हते. ती सारखी पुढच्या चाकाकडे बघायची आणि सायकल वाकडी जायची. "चाकाकडे नको, त्या कडुलिंबाकडे बघ," एवढंच मी सांगत राहिले. जिकडे नजर तिकडे सायकल, हे खरोखर तसंच आहे. एका सकाळी तिनं उतारावर दोन्ही पाय उचलले आणि थेट झाडापर्यंत गेली. "आई, तू धरलं नव्हतंस ना?" तिनं मागे वळून विचारलं. नव्हतंच धरलं. मला इतका आनंद झाला की मी भररस्त्यात टाळ्या वाजवल्या.

ब्रेकही पेडलविनाच शिकवले. पुढचा ब्रेक एकटा करकचून दाबायचा नाही, दोन्ही हळूहळू दाबायचे आणि थांबल्यावरच पाय टेकायचा.

मग पेडल परत बसवले. आता अडचण होती ती फक्त निघण्याची. उजवा पेडल वर, जरासा पुढे ठेवायचा, त्यावर जोर द्यायचा आणि डावा पाय लगेच उचलायचा. इथे मात्र तिनं आधार मागितला. मी काखेखाली हात दिला, हँडलला शिवले नाही, कारण हँडल आपण धरलं की मुलाला सायकलचं कलणं जाणवतच नाही. "सोडू का?" विचारायचे, ती "हो" म्हणाली की सोडायचे. थोड्याच वेळात तिनं स्वतःच "हात काढ" म्हणून सांगितलं.

सीट आता थोडी वर घेतलीय. विजापूर रोडवर जायचा हट्ट चालू आहे, पण तिथल्या वाहनांत मी तिला एवढ्यात सोडणार नाही. सध्या गल्लीतच एका हातानं वळण्याचा इशारा करणं आणि सरळ रेष न सोडता मागे बघणं चाललंय. दुसरं अजून तिला जड जातंय.