अडीच ग्रॅमही नाही

एमएस्सीच्या प्रबंधासाठी मी भातावर सेलेनियमची फवारणी केली, शरीराला अगदी थोडं लागणारं हे खनिज तांदळात वाढावं म्हणून, मुळशीत काकांच्या दहा गुंठ्यांच्या खाचरात. वाण अर्थात इंद्रायणी.

"युरियातच मिसळून टाक की," काकांचं पहिलं म्हणणं. चुकीचं नव्हतं. फिनलंडमध्ये १९८४ पासून खतातूनच सेलेनियम देतात. पण आपल्या खाचरात पाणी तुंबलेलं, मातीत हवा नाही. तिथे सेलेनेटचं, म्हणजे सेलेनियमच्या विरघळणाऱ्या क्षाराचं, रूप बदलून ते मातीतच अडकतं, मुळांना फारसं मिळत नाही. म्हणून पानांवरून द्यायचं.

मात्रा हेक्टरी १० ग्रॅम सेलेनियम. सोडियम सेलेनेटमध्ये ते साधारण ४२ टक्के, म्हणजे दहा गुंठ्यांना २.४ ग्रॅम पावडर. पुण्यातच प्रयोगशाळेच्या काट्यावर तोलून, पाण्यात विरघळवून बाटल्या नेल्या. काकांनी एक उजेडात धरून पाहिली. "आरं, एवढ्याशानं काय व्हायचंय?" हे तोंडात गेलं तर थेट दवाखाना, असं म्हटल्यावर त्यांनी ती अलगद खाली ठेवली. हातमोजे मात्र शेवटपर्यंत घातले नाहीत, म्हणून पंप मीच पाठीवर घेतला.

अर्धं खाचर भात पोटरीत, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या आधी, असताना फवारलं. पंप धुऊन होतोय तोवर सर आली. पुन्हा फवारावं, तर पानांवर किती टिकलंय कुणाला ठाऊक? माणसाला दिवसाला ४० ते ५५ मायक्रोग्रॅम पुरतं आणि ४०० च्या वर धोका. इथे अंदाजाने हात सैल सोडून चालत नाही. ते पाच गुंठे प्रयोगातून बाद. उरलेल्यांवर दाणा चिकात असताना, उघडीप बघून, संध्याकाळी फवारणी केली. तुलनेसाठी शेजारच्या खाचरावर नुसतं पाणी.

कापणी-झोडणी बिनघोर झाली. मग काकांनी विचारलं, "पेंढा बैलांना घालू का?"

याचा विचार मी केलाच नव्हता! पंजाबात नवांशहर-होशियारपूरकडे जमिनीतच सेलेनियम जास्त आहे. तिथला चारा खाऊन जनावरांचे खूर तडकतात, केस झडतात, हे मीच सेमिनारमध्ये सांगितलं होतं. आमची मात्रा त्यामानाने नगण्य, तरी तपासल्याशिवाय 'घाला' म्हणायला जीभ रेटेना.

तांदळाचा अहवाल आला. पॉलिश केल्यावरही फवारलेल्या दाण्यात सेलेनियम साध्यापेक्षा कितीतरी पट. पेंढ्याचे नमुने अजून रांगेत आहेत. उडवी ताडपत्रीखाली, आणि काका शेजाऱ्याकडून पेंढा विकत आणतायत. पैसे मी देतो म्हटलं तर नुसते बघतात.