नीळ जास्त पडली का?

सांगलीच्या मार्केट यार्डात माझी तीस वर्षं हळदीच्या हिशेबात गेली. गेल्या वर्षी तीन महिन्यांत दोनदा चष्म्याचा नंबर बदलला. दुकानदारानं दोन्ही वेळा नवा चष्मा दिला, शुगर आहे का ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही म्हणा. गोळ्या आठवतील तेव्हा घ्यायचो.

मग राजापुरी हळदीच्या दोन ढिगांतला फरक कळेना, तेव्हा मिरज गाठली. बाहुली मोठी करायचे थेंब, डोळे मिटून तासभर बाकावर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) 9.5 टक्के.

"काका, आधी शुगर उतरवा. ऑपरेशनात बसवायच्या लेन्सचा नंबर आत्ता काढला तर चुकू शकतो," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मी हिशेबनीस, कारण विचारल्याशिवाय उठतोय कसला?

त्यांनी कागदावर डोळा काढला. भिंगाला रक्तवाहिनी नसते. त्याचं पोट समोरच्या पाण्यातल्या ग्लुकोजवर भरतं, तेही बहुतेक ऑक्सिजनविना. तिथली यंत्रणा ठरावीक ग्लुकोजच पचवते. जास्तीचं ग्लुकोज आडवाटेनं जातं आणि त्याचं सॉर्बिटॉल होतं. ते पेशीबाहेर सहज पडत नाही, उलट पाणी ओढतं. भिंग फुगतं, नंबर हलतो. शिवाय या आडवाटेत जी रसद खर्च होते, तिच्यावरच ग्लुटाथायोन ताजं राहतं, आणि प्रथिनांची राखण ते करतं. भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं जन्माआधीची, बदलून मिळत नाहीत. ती बिघडून गोळा झाली की भिंग गढूळ होतं, पिवळं पडतं.

म्हणजे माझे दोन्ही चष्मे साखरेच्या चढउताराला बसवलेले! मोतीबिंदू थेंबांनी विरघळेल का, हेही विचारून घेतलं. नाही.

"पिकू दे की अजून," थोरले भाऊ म्हणत होते. हल्ली पिकायची वाट बघत नाहीत, हे त्यांना पटवण्यात एक रविवार गेला. शुगर 7.2 वर यायला मात्र चार महिने लागले. ऑपरेशन वीस मिनिटांत उरकलं.

दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्याची पट्टी निघाली. घरी दोरीवर सदरा वाळत होता. डाव्या डोळ्यानं पाहिला तर चहात बुडवल्यासारखा, उजव्यानं निळसर पांढरा.

"नीळ जास्त पडली का गं?"

"वर्ष झालं, नीळ आणलीच नाही मी," ही आतून म्हणाली.