यादी वरून की खालून?

स्टाफ ड्यूटीजच्या, म्हणजे लष्करी मुख्यालयाचं कामकाज शिकवणाऱ्या, वर्गाला त्या दिवशी मी जानेवारी १९४३ची कासाब्लांका परिषद दिली होती: दुसऱ्या महायुद्धात पुढच्या मोहिमा ठरवायला रूझवेल्ट आणि चर्चिल मोरोक्कोत भेटले ती. काम एकच: विमानात जागा मोजक्या, अमेरिकी लष्करी शिष्टमंडळाची यादी करा. दुपारी सगळ्या गटांच्या याद्या आल्या त्या हुद्द्याने उतरत. आधी सेनाप्रमुख, म्हणजे भूदलाचे मार्शल, नौदलाचे किंग, हवाई दलाचे अर्नोल्ड; मग त्यांचे एडीसी, म्हणजे दिमतीचे अधिकारी; उरल्या जागांवर नियोजक.

प्रत्यक्षातही असंच घडलं होतं. रूझवेल्टना लवाजमा नको होता, म्हणून सेनाप्रमुखांबरोबर नियोजक अगदी थोडे गेले. ब्रिटिशांनी मात्र ‘बुलोलो’ हे मुख्यालय-जहाजच बंदरात आणून लावलं. सायफरवाले (सांकेतिक संदेश लिहिणारे-उलगडणारे), टंकलेखक, फायलींचं अख्खं दप्तर त्यावर. बैठकीत नवा मुद्दा निघाला की त्यांचं आकडेवार टिपण लगेच तयार. अमेरिकेच्या बाजूने ते खोडून काढायला नियोजक वेडेमायर आणि आणखी दोन-चार जण. शेवटी ब्रिटिशांना हवी होती ती भूमध्य समुद्रातली मोहीम, सिसिलीची, ठरली. त्याला इतर कारणंही होती, पण टिपणाला टिपणाने उत्तर देता आलं नाही की बैठकीत बाजू लंगडी पडते, हे माझं ठाम मत आहे.

मग फळ्यावर सायफरचं एकच टेबल मोजलं. आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे तीन माणसं. आजारपण आणि विश्रांती धरून चौथा. येणारे आणि जाणारे संदेश वेगळे ठेवले की आठ. वॉशिंग्टनचं घड्याळ मागे, त्यामुळे तिकडची उत्तरं रात्री उतरतात; रात्रपाळी छाटून चालत नाही.

‘हा नसेल तर कोण?’ हा रकाना एकाही यादीत नव्हता. रूझवेल्टचे लष्करी सल्लागार ॲडमिरल लेही कासाब्लांकाच्या वाटेवर आजारी पडून त्रिनिदादलाच राहिले होते. १ फेब्रुवारी १९४५ला याल्टा परिषदेसाठी निघालेलं ब्रिटिश यॉर्क विमान भूमध्य समुद्रातल्या लाम्पेदुसा बेटाजवळ कोसळलं, शिष्टमंडळातली माणसं त्यात गेली. म्हणून एका विषयाचे दोन जाणकार एका विमानात बसवायचे नाहीत, आणि कागदांचा दुसरा संच तिसऱ्याच विमानात.

दुसऱ्या फेरीत यादी खालून करायला लावली: रोज किती टिपणं, प्रत्येकाच्या किती प्रती, त्या कोण टंकणार, कोण वाटणार. एका गटाने दोन एडीसी कापून दोन टंकलेखक घेतले. प्रती काढायचं सायक्लोस्टाइल मशीन, त्याची स्टेन्सिल आणि कागदाची रिमं यांचं वजन मात्र तेव्हाही कोणी धरलं नव्हतं.