काळी एकची जोडी

शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी मागवल्या आहेत. माझ्या खोड्या छापण्याजोग्या नाहीत, म्हणून प्रार्थनेच्या ओट्यावर रोज सकाळी बसणाऱ्या जोडीबद्दल लिहितो. पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, बहुधा ‘अ’ तुकडीतली, वह्यांना कव्हरं घालणारी मुलगी. तबल्यावर ‘ड’ तुकडीतला, बाक बडवला म्हणून वर्गाबाहेर उभा राहणारा मुलगा. एरवी ही दोघं वर्षभरात चार शब्द बोलली नसती. पण तबला लावायला एकाने सूर धरावा लागतो आणि दुसऱ्याने ठोकावं लागतं.

पेटीचा सूर हलत नाही. तिच्यात मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, श्रुती (स्वरांमधले बारीक सूर) नाहीत, म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिला दार बंद केलं होतं. शाळेत मात्र हाच दोष उपयोगी. जुलैत कातडं ओल धरून सैल पडतं, तबला उतरतो, मार्चमध्ये चढतो. पेटी जवळपास जागच्या जागी, त्यामुळे सुराकडे जायचं तबल्यानेच.

पेटीवालीने काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, दाबून भाता सावकाश चालवावा. जोर लावला की सूर किंचित उतरतो आणि तबला चुकीच्या जागी लागतो. तबला चुंबळीवर ठेवून आधी चामडी पट्ट्यांखालचे आठही लाकडी गठ्ठे एका उंचीवर आहेत का पाहावं. सूर बराच लांब असेल तर हातोडी गठ्ठ्यांवर, थोडाच असेल तर गजऱ्यावर, म्हणजे कातड्याच्या कडेच्या वेणीवर. गजऱ्यावर वरून ठोकलं की चढतो, खालून ठोकलं की उतरतो. गजऱ्यावरच्या सोळा घरांपैकी (पट्ट्यांमधल्या जागांपैकी) एक लावलं की लगेच समोरचं लावायचं. नवशिके शेजारचं घर घेतात. एक बाजू ताणली जाते आणि फेरी पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक घराला चाटेवर (कातड्याच्या कडेच्या पट्टीवर) ‘ना’ हा बोल वाजवायचा आणि पेटीवालीकडे पाहायचं. तिची मान हलली तर पुढचं घर. हातोडी मधल्या काळ्या शाईवर पडली तर पुडी (तबल्याचं तोंडावरचं कातडं) गेलीच समजा. पावसाळ्यात तबला बल्बजवळ ठेवतात, ते ठीक. उन्हात ठेवू नये, शाई तडकते.

मुली काळी चारमध्ये गातात तेव्हा तबला हलवायची गरज नसते. काळी चार ‘सा’ धरली की काळी एक तिचा शुद्ध ‘म’ होतो. मात्र गीत भूपातलं किंवा यमनातलं असलं की हा ‘म’ खुपतो. मग पंचम हवा, म्हणजे काळी दोन, म्हणजे तबला अख्खा एक स्वर वर. रोज इतकं ताणलं तर पुडी टिकत नाही. लहान तोंडाचा दुसरा तबला घ्यावा, हे माझं स्पष्ट मत. महोत्सवाच्या निधीतून एवढं तरी व्हावं.

सुरात तबला पेटीचं ऐकतो, लयीत उलटं. मैदान ५० मीटर असलं तर ओट्यावरचा आवाज शेवटच्या रांगेत साधारण ०.१५ सेकंदाने पोचतो आणि मुलांचा आवाज तेवढाच वेळ घेऊन परततो. मिनिटाला १२० मात्रांच्या केरवा तालात ही ०.३ सेकंदं म्हणजे अर्ध्या मात्रेहून जास्त. पेटीवालीने मैदानाचं ऐकलं की ती थांबत थांबत वाजवते, मुलं आणखी मागे पडतात, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत प्रार्थनेचं रडगाणं होतं. तिने कान बंद करून डग्ग्यावरच्या मनगटाकडे पाहावं. मनगट उचललं की सम (तालाची पहिली मात्रा) जवळ आली. दोन-तीन आठवड्यांत पाहावंही लागत नाही; तो श्वास घेतो तेव्हाच तिचा भाता उघडतो. मग डबाही एकाच पायरीवर उघडतो, तुकड्या कोणत्याही असोत.

पेटीची दुखणी साधी. एखादा स्वर मुका झाला तर रीडखाली (सूर देणाऱ्या पितळी जिभेखाली) धूळ किंवा कुसळ अडकलेलं असतं. पोस्टकार्डाची कड हलकेच सरकवावी, फुंकर मारू नये, थुंकी उडते आणि पितळ काळं पडतं. पट्टी दाबून न उठणं हे पावसात लाकूड फुगल्याचं लक्षण. भाता उंदरांनी कुरतडला की धाप लागते; पेटी जमिनीवर ठेवू नये.

आणि हातोडी पेटीच्या खोक्यात ठेवावी. तबल्याच्या पिशवीत ठेवली की फळ्याचा खिळा ठोकायला कोणीतरी नेतो, ती परत येत नाही.