फॉरमॅट मारण्याआधी

तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीला नेला की निदान ठरलेलं: "व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागते." फॉरमॅटनंतर मशीन चार दिवस हलकं चालतं, पण मूळ दुखणं तसंच राहतं आणि सी ड्राइव्हवरचा डेस्कटॉप मात्र साफ होतो. आपल्या भागात वारंवार येणारे बरेचसे बिघाड व्हायरसचे नसतातच. ते लाइनचे, धुळीचे आणि उन्हाचे असतात.

सगळ्यात फसवा बिघाड घड्याळाचा. नेट चालू आहे, मोबाइलवर व्हॉट्सअॅप येतंय, पण सातबाऱ्याची किंवा पीकविम्याची साइट उघडली की क्रोम 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' किंवा 'युअर क्लॉक इज बिहाइंड' म्हणतो. खाली उजव्या कोपऱ्यात तारीख बघा. तिथे दहा-बारा वर्षांपूर्वीचं साल दिसलं तर निदान झालंच. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. मशीन मागच्या काळात असेल तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही.

कारण असतं मदरबोर्डवरचा सीआर2032 हा 3 व्होल्टचा सेल. प्लग चालू असेपर्यंत मदरबोर्ड घड्याळासाठी वीज लाइनवरून घेतो. मेन स्विच बंद झाला की भार सेलवर येतो. आपल्याकडे विजा कडकडतात म्हणून संध्याकाळी भिंतीवरचा स्विचबोर्डच बंद करून जायची पद्धत, त्यात लाइन तासन्‌तास नसते. सेल लवकर संपणारच. नुसती तारीख दुरुस्त केली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. विंडोजची आपोआप वेळ जुळवणीही एवढ्या वर्षांचा फरक असला की बहुधा अंग काढून घेते.

सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो. मात्र सीआर2025 घेऊ नका. गोलाई तीच 20 मिलिमीटर, पण जाडी 3.2 ऐवजी 2.5, त्यामुळे खाचेत सैल बसतो. प्लग काढा, बाजूची क्लिप हलकी दाबा, सेल उसळून वर येईल. नवा बसवताना अधिकची खूण वर. मग बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, तारीख-वेळ घाला. तिथेच साटा मोडही (हार्डडिस्कशी बोलायची पद्धत) तपासा. सेल मेल्यावर सेटिंग मूळ स्थितीला जातात, आणि एएचसीआयच्या जागी दुसरा मोड आला तर विंडोज निळा पडदा दाखवून अडतं. नेमकं इथेच "विंडोज करप्ट झालं" म्हणून फॉरमॅट मारला जातो.

उजव्या कोपऱ्यात सारख्या उसळणाऱ्या 'युअर पीसी इज इन्फेक्टेड' च्या पाट्या हा दुसरा घाबरवणारा प्रकार. कुठल्या तरी साइटवर 'अलाऊ' दाबलं गेलेलं असतं, एवढंच. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथून साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. अनोळखी साइट यादीतून काढून टाका.

प्रिंट रांगेत अडकून डिलीटही होत नसेल तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी सर्व्हिस) थांबवा, सिस्टिम32 मधल्या स्पूल फोल्डरातलं प्रिंटर्स हे फोल्डर रिकामं करा (फोल्डर उडवू नका, आतल्या फाइलीच), स्पूलर पुन्हा सुरू करा.

प्रिंट देताच मशीन रिस्टार्ट होतंय? मग प्रिंटरचा प्लग कुठे आहे ते बघा. 600 व्हीएच्या यूपीएसची ताकद साधारण 360 वॉट. लेझर प्रिंटरचा फ्यूझर (टोनर कागदावर वितळवणारा भाग) तापताना त्याहून बराच जास्त ओढतो, यूपीएस हात वर करतो. लेझर थेट भिंतीच्या सॉकेटवर लावावा. रब्बीत मोटारपंप चालू झाले की व्होल्टेज पडतं, तेव्हा तर हे हमखास होतं. आणि लाइन जाताक्षणी मशीन बंद पडत असेल तर यूपीएसची 12 व्होल्ट 7 अॅम्पिअर-तासाची बॅटरी गेली. अख्खा यूपीएस बदलायची गरज नाही.

सकाळी झकास चालणारं मशीन मे महिन्यात दुपारी आपोआप बंद पडतं तेव्हा पंख्याखालचं हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) उघडून बघा. जिनिंगच्या गावात तिथे कापसाच्या तंतूंचा थर बसतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते गरगर फिरून बेअरिंग खराब होतं. हीटसिंक काढलंच तर प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी तुरीच्या दाण्याएवढी, जास्त नको.

आता मंद मशीन. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत 100 टक्के दिसत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम चालवून हार्डडिस्कची तब्येत बघा. पिवळं 'कॉशन' आणि 05 किंवा सी5 या ओळींत 'रॉ व्हॅल्यूज'च्या रकान्यात शून्याहून मोठा आकडा म्हणजे सेक्टर खराब होत चाललेत. अशा डिस्कवर आधी चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालवणं हा घात आहे. ती शेवटचे श्वास मोजत असताना तुम्ही तिला पूर्ण घासायला लावता. आधी डेटा काढा, मग नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) लावा. तिच्यावर विंडोज नव्यानं टाकणं, हे काम मात्र रास्त आहे.

तेव्हा दुकानातला पेनड्राइव्ह कुठल्या विंडोजचा आहे ते विचारा. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. आणि लॅपटॉपसोबत विंडोज होम विकत आलेलं असेल तर होमच टाकायला सांगा. प्रो टाकलं की ते लायसन्स लागू होत नाही आणि दुकानदार अॅक्टिव्हेटर (लायसन्स नसताना विंडोज चालू करणारं चोरटं सॉफ्टवेअर) मारून देतो. खरा व्हायरस बऱ्याचदा तिथूनच येतो, राजेहो.

पुसण्याआधी डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स सगळेच काढतात. विसरतात ते क्रोममधले पासवर्ड, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (ते मशीन आधारसाठी चालवणारं सॉफ्टवेअर) आणि फॉन्ट. ग्रामपंचायतीचे जुने ठराव कृतीदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये असतात, आणि तो फॉन्ट नसेल तर वर्डमध्ये नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फाइल बिघडलेली नसते. विंडोजमधल्या फॉन्ट्स फोल्डरातून कृतीदेव, शिवाजी, जे वापरात असतील ते पेनड्राइव्हवर घ्या, आणि नव्या विंडोजमध्ये फॉन्टच्या फाइलवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' निवडा.